डाव्या कानाची चौकट

नाटक कंपनी बंद झाली तेव्हा प्रत्येकाच्या पदरात काही ना काही पडलं. नायकानं आपल्या मिशा नेल्या. नेपथ्यवाल्याच्या वाट्याला अर्धा राजवाडा आला, तो त्यानं कोंबड्यांच्या खुराड्याला लावला, आणि त्या कोंबड्या म्हणे पुढं कुणाच्या बापाला जुमानेनाशा झाल्या. कुजबुजकाकांनी मात्र फक्त आपलं तीन पायांचं स्टूल मागून घेतलं.

त्या स्टुलावर ते छत्तीस वर्षं विंगेत बसले होते. मांडीवर संहिता, हातात पेन्सिलीएवढी बॅटरी. नट अडखळला की त्याचं पुढचं वाक्य फक्त त्याच्याच कानाला लागेल अशा आवाजात सरकवून द्यायचं, हे त्यांचं काम. प्रेक्षकांनी त्यांना कधी पाहिलं नाही, ऐकलं नाही. त्यांचं कौतुक व्हायचं ते असं की त्यांच्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही.

फक्त एकदा त्यांना अख्ख्या थिएटरनं ऐकलं, आणि ते प्रकरण घरातलंच होतं. त्यांची थोरली बहीण, जिला सगळी कंपनी अक्का म्हणायची, राणीचं काम करत होती. तिसऱ्या अंकात राणी राजवाडा सोडून निघते, दारापाशी थांबते आणि म्हणते, "हा दिवा मात्र विझवू नका." त्या थांबण्यात अक्काची सगळी करामत होती. रोज ती मनात चार मोजेपर्यंत थांबायची. त्या दिवशी पाच झाले, सात झाले, नऊ झाले. काकांना राहवलं नाही, त्यांनी वाक्य सरकवलं. सभागृह इतकं चिडीचूप होतं की ते पहिल्या रांगेपर्यंत गेलं. तिथल्या एका सद्गृहस्थांनी मदत म्हणून तेच वाक्य खणखणीत आवाजात पुन्हा म्हटलं. राणी हशातच राजवाड्याबाहेर पडली.

"मी पॉज घेतला होता," अक्का म्हणाली. ते तिनं पुढची एकोणतीस वर्षं म्हटलं. लग्नात म्हटलं, दवाखान्यात म्हटलं, भाजी निवडताना म्हटलं. पॉज कुठला आणि विसर कुठला हे ज्याला कळत नाही तो प्रॉम्प्टर कसला, हा टोमणा काकांच्या अंगवळणी पडला होता. मनातून त्यांना तो पटलाही होता.

कंपनी गेल्यावर काका एका कचेरीत लागले. ही कचेरी लोकांना वेबवरचे फॉर्म करून द्यायची. शाळाप्रवेशाचे, वाचनालयाचे, नळजोडणीचे. फॉर्म तयार झाला की कुणीतरी तो अक्षरन् अक्षर तपासायला हवा होता, आणि तिथल्या तरुण डोळ्यांना अक्षरं दिसायची पण वाचली जायची नाहीत. काका आले ते स्टूल काखेत मारूनच. फिरत्या खुर्चीवर बसल्यावर आपणच रंगमंचावर प्रवेशात आहोत असं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. ते फॉर्म कुजबुजत वाचायचे आणि ती कुजबूज थेट जिन्यापर्यंत पोचायची, म्हणून त्यांचं नाव कुजबुजकाका पडलं.

फॉर्म बांधायची ती चौकटवाली. चाळिशीची, डोक्यात पेन्सिल खोचलेली, स्वतःशी भांडत काम करणारी बाई. पडद्यावरच्या त्या लहान चौकोनी चौकटी, ज्यांत लोक बरोबरची खूण करतात, ही तिची खासियत. सोप्या फॉर्ममध्ये चौकटी एकाखाली एक असतात. अवघड फॉर्ममध्ये मोठ्या चौकटीच्या पोटात लहान चौकटी असतात आणि त्यांच्या पोटात आणखी लहान. मोठीवर खूण केली की पोटातल्या सगळ्यांवर आपोआप होते. सगळ्या लहानांवर केली की मोठीवर आपोआप होते. आणि लहानांतली एखादी जरी रिकामी राहिली, तर मोठीत बरोबरच्या खुणेऐवजी एक आडवी रेघ येते. काका त्यांना आई, लेकरं आणि नातवंडं म्हणायचे. रेघ आली की म्हणायचे, आई काळजीत आहे.

पण काकांनी ती रेघ पाहिली होती फक्त चौकटवालीच्या पडद्यावर. स्वतः तपासताना कधीच नाही. कारण काकांच्या तपासण्याची एक रीत होती. वरून सुरुवात, एक चौकट वाचायची, खूण करायची, पुढची वाचायची, आपोआप झाली नसेल तर खूण करायची. संहितेतला एक शब्द गळू द्यायचा नाही हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं, मग चौकट रिकामी कशी सोडणार? सगळ्या चौकटी नीट भरल्या की वहीत लिहायचे, पास. असे दोनशे बारा फॉर्म त्यांनी पास केले होते. तपासनीसानं चौकटी रिकाम्या ठेवूनही पाहायच्या असतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. माणूस ते करणार नाही असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दोनशे बारावा फॉर्म वृद्ध निवासाचा होता. अक्का तिथंच राहायची, खोली क्रमांक चारमध्ये, अकरा वर्षं. खोलीत एक पलंग, एक कपाट, भिंतीतून अधूनमधून गुरगुरणारा एक नळ. पण खिडकी अशी की समोर जुन्या थिएटरचं मागचं दार. नटांच्या येण्याजाण्याचं. आता आत गालिच्यांचं गोदाम होतं, तरी दार तेच होतं, आणि अक्का सकाळचा चहा त्या दाराकडे बघत घ्यायची. निवासातल्या प्रत्येकाला दरवर्षी फॉर्म भरून खोली पुढं चालू ठेवावी लागे. यंदा तो वेबवर आला होता, आणि अक्कानं तो भरून पाठवला होता.

सोमवारी अक्काला पत्र आलं. आपण हयात नसल्याचं कळवण्यास खेद होतो, खोली क्रमांक चार गुरुवारी चार वाजता पुढील अर्जदारास देण्यात येईल, हरकत असल्यास स्वतः समक्ष येऊन कळवावे.

"शेवटचं वाक्य चांगलं आहे," मंगळवारी भाऊ भेटायला आला तेव्हा ती म्हणाली. "बाकी लेखनात दम नाही."

ती हरकत कळवायला समक्ष जाऊन आली होती. व्यवस्थापकबाई भली माणूस. तिनं अक्काला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की अक्का, तुम्ही मला दिसताय, पण मी बघून काही होत नाही, पडद्यावर दिसायला हवं. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. इथं कांकणाला कुणी विचारत नव्हतं, आरसा काय म्हणतो तेवढंच चालत होतं.

मग दोघींनी फॉर्म पुन्हा भरायला घेतला. सगळ्यांत वर मोठी चौकट, अर्जदार हयात आहे. तिच्या पोटात चार लेकरं: चालता येतं, दिसतं, ऐकू येतं, आठवतं. ऐकू येतं याच्या पोटात दोन नातवंडं, उजवा कान आणि डावा कान. अक्काचा डावा कान सहा वर्षांपूर्वीच निवृत्त झालेला. तिनं ती चौकट रिकामी ठेवली. ठेवल्याबरोबर ऐकू येतं याच्यात आडवी रेघ आली. त्या रेघेपाठोपाठ हयात आहे याच्यात आडवी रेघ आली. फॉर्म पाठवला, आणि उत्तर आलं, अर्जदार हयात नाही.

मग त्यांनी वरून सुरुवात केली. हयात आहे यावर थेट खूण केली, तर खालची सगळी लेकरं आणि नातवंडं खुणांनी भरली आणि अक्काला डाव्या कानानं ऐकू येऊ लागलं. तिनं तो कान काढला, तर ती गेली. कान घातला, आली. काढला, गेली. असं अकरा वेळा झालं. मरण्याचे इतके प्रयोग तिनं कंपनीतही एका बैठकीत केले नव्हते.

व्यवस्थापकबाई काकुळतीला आली. एका कानाचा तर प्रश्न, करून टाका खूण, असं तिनं विनवलं. अक्कानं तिला जे उत्तर दिलं ते भावालाही पुन्हा ऐकवलं.

"मी आयुष्यभर खोटं बोलले, पण ते तिकीट काढून आलेल्यांसाठी, दिव्यांच्या उजेडात. सहीच्या वर खोटं बोलणार नाही."

हे बोलणं चाललं असतानाच दारावर टकटक झाली आणि एक सडपातळ गृहस्थ आत आले. गळ्यात मापाची पट्टी. हे पुढील अर्जदार. आयुष्यभर शिंपीकाम केलेले, अतिशय मऊ बोलणारे. खोली रिकामी असेल असं सांगितलं होतं, पडद्यांचं माप घ्यायला आलो होतो, नंतर येऊ का, असं त्यांनी विचारलं. अक्का म्हणाली, नंतर कशाला, आता आलाच आहात तर घ्या. शिंपीदादांनी खिडकीला पट्टी लावली, डोळे बारीक केले, मान तिरकी केली, पट्टी नाकाशी नेली आणि शेवटी कसनुसे होत अक्काला विचारलं की बाई, हा आकडा जरा वाचता का. सुईत दोरा ओवायचं तर त्यांनी चार वर्षांपूर्वीच सोडलं होतं.

"फॉर्ममध्ये काय केलंत मग?" काकांनी विचारलं. "दिसतं यावर?"

"सगळ्यांवर खुणा केल्या," शिंपीदादा म्हणाले. "शिंप्याला दिसत नाही असं कोण लिहून देईल हो?"

अक्कानं आकडे मोठ्यानं वाचले, बरोबर वाचले, आणि ते त्यांच्या वहीत तिनंच लिहून दिले. मयत बाई आंधळ्या शिंप्याला आपल्याच खोलीचं माप देते आहे, असा प्रवेश कुणी लिहून आणला असता तर कंपनीच्या मालकांनी त्याला हसून हाकलला असता. काकांना मात्र हसू येईना. फॉर्मच्या तळाला बारीक अक्षरात त्यांनी आपल्या कचेरीचं नाव पाहिलं होतं. तपासनीसाची आद्याक्षरंही त्यांचीच होती.

बुधवारी सकाळी ते चौकटवालीसमोर स्टूल घेऊन बसले. तिनं फॉर्म उघडला, डावा कान काढला, तोंडावर हात ठेवला. मुळात हयातीच्या पोटात कान कुणी घातले याचा शोध लागायला वेळ लागला नाही. बैठकीत साहेब म्हणाले होते, अर्जदाराविषयीचं सगळं एकाच पोटात घाला, फॉर्म आटोपशीर दिसेल. साहेबांनी म्हटलं म्हणून तिनं घातलं आणि काकांनी पास केलं म्हणून तो गेला.

"पण रेघ तर येते ना?" काका म्हणाले. "आई काळजीत आहे एवढंच ना? मेली कुठं?"

"रेघ नुसती डोळ्यांसाठी असते, काका. पाठवताना ती जात नाही. रिकामी चौकट तर काहीच पाठवत नाही. नाही असंसुद्धा म्हणत नाही. गप्प बसते. पलीकडचं यंत्र बघतं, हयात म्हणून काही आलं नाही, म्हणजे नाही."

"म्हणजे मुद्दाम गप्प राहिलेला आणि राहून गेलेला, त्याला दोघे सारखेच," काका म्हणाले. ही चूक त्यांच्या चांगलीच ओळखीची होती.

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची होती. पण साहेबांचं म्हणणं पडलं की पास झालेला फॉर्म उघडता येत नाही, ज्यानं पास केला त्यानंच तो मागे घ्यायला हवा, आणि त्यासाठी वेगळा फॉर्म आहे. तो फॉर्म चौकटवालीनंच केला होता आणि काकांनीच पास केला होता, क्रमांक चाळीस. त्यात मोठी चौकट होती, तपासनीस सेवेत आहे. पोटात दोन लेकरं: सर्व चौकटी भरून पाहिल्या, सर्व चौकटी रिकाम्या ठेवून पाहिल्या. म्हणजे त्यांना जे कुणी सांगितलं नव्हतं ते त्यांनीच एकदा, खुणा करत करत, कुजबुजत वाचलं होतं.

पहिलीवर त्यांनी खूण केली. दुसरीपाशी थांबले. चौकटवालीला काय होणार ते दिसलं. तिनं हळूच सांगितलं की काका, दोन्हींवर करून टाका, कोण विचारतंय. काकांच्या डोळ्यांपुढं अक्का आली, अकराव्यांदा मरताना. त्यांनी दुसरी चौकट रिकामी ठेवली आणि फॉर्म पाठवला. दोनशे बारावा फॉर्म दुरुस्तीसाठी उघडला. तपासनीस सेवेत आहे याच्यातली आडवी रेघ मात्र तशीच राहिली. दुपारी चहा प्यायला काका खाली उतरले, आणि परत येताना फाटकानं त्यांचं कार्ड घेतलं नाही. पहारेकऱ्याला ते रोज दिसायचे, आजही दिसत होते. पण पहारेकरी म्हणाला, माझ्या बघण्यावर असतं तर काय हवं होतं, काका.

गुरुवारी बाराच्या सुमारास चौकटवाली लॅपटॉप घेऊन रस्त्यावर आली. मागोमाग पहारेकऱ्यानं स्टूल आणून दिलं. फाटकाबाहेर, सायकलींच्या रांगेत बसून, सेवेत नसलेल्या काकांनी दोनशे बारावा फॉर्म पुन्हा तपासला. हयात आहे ही चौकट आता एकटी होती, तिच्या पोटात कुणी नव्हतं. कान, डोळे, पाय वेगळे काढले होते आणि प्रत्येकापुढं दोन चौकटी होत्या, हो आणि नाही. दोन्ही रिकाम्या ठेवल्या तर फॉर्म पुढं जात नव्हता, विचारत होता, इथं उत्तर राहिलं आहे का? काकांनी प्रत्येक चौकट रिकामी ठेवून पाहिली. पहिल्या दोन-तीन वेळा त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. शेजारी सायकलीचं कुलूप काढणारी एक बाई विचारून गेली की आजोबांना बरं वाटत नाही का.

पासची सही साहेबांनी केली, कारण सेवेत नसलेल्या माणसाची चालत नव्हती. काकांची सेवा परत लावायला सतरा दिवस लागले, आणि ते सतराही दिवस त्यांनी फाटकाबाहेरच काम केलं. पण ते पुढचं. त्या दिवशी काका निवासात पोचले तेव्हा साडेतीन वाजले होते.

व्यवस्थापकबाईच्या खोलीत अक्का संगणकासमोर बसली होती, चांगली साडी नेसून, केस विंचरून. शिंपीदादाही एका कडेला पडद्यांच्या कापडाचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते. तेही फॉर्म पुन्हा भरणार होते. दिसत नाही लिहिलं तरी माणूस राहतो असं कळल्यावर त्यांच्या जिवाला बरं वाटत होतं. काकांनी स्टूल बहिणीच्या उजव्या हाताला ठेवलं, जिथं ते नेहमी असायचे.

हयात आहे. तिनं खूण केली. चालता येतं, हो. दिसतं, हो. उजवा कान, हो. डावा कान, नाही, आणि ते नाही तिनं असं टिचकावलं की टेबलावरचा पेला हलला. वर काही झालं नाही. ती होती तशीच हयात राहिली. आता शेवटचा प्रश्न उरला, आठवतं का. तिथं अक्का थांबली.

चार मोजून झाले. सात झाले. भिंतीवरच्या घड्याळात चारला चार मिनिटं कमी होती. नऊ झाले. काकांचे ओठ हलायला लागले, त्यांनी ते दातांखाली धरले. व्यवस्थापकबाई काकांकडे बघत होती, शिंपीदादाही, काका जिथं बसले असतील असं त्यांना वाटत होतं तिकडे. वीस झाले. तीस झाले. काका स्टुलावर पाषाणासारखे बसून राहिले. एकोणतीस वर्षांपूर्वी हे जमायला हवं होतं, ते आज जमत होतं.

अक्कानं मान वळवली.

"काय रे, झोपलास का? सांग ना."

"मला वाटलं, पॉज घेतेस."

"पॉज कसला? प्रश्न काय होता तेच विसरले."

काकांनी तिच्या उजव्या कानाशी वाकून, पूर्वी देत असत तसा, प्रश्न सरकवून दिला. आठवतं का. तिनं तो ऐकला, त्यावर विचार केला आणि नाही यावर खूण केली. मग पडद्याकडे बघतच, जसं काही ते फॉर्मलाच सांगायचं होतं, म्हणाली, "तेव्हाही विसरलेच होते. दिव्याचं वाक्य."

अशा वेळी प्रॉम्प्टरला वाक्य नसतं.

तिनं फॉर्म पाठवला. दोन मिनिटं काही झालं नाही. मग व्यवस्थापकबाईनं टेबलाच्या डाव्या बाजूनं वाकून पडदा पाहिला आणि उत्तर वाचून दाखवलं. अक्काच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"काय म्हणाली ती?" तिनं भावाला विचारलं.

"हयात आहेस," काका म्हणाले. "खोली क्रमांक चार."

"हळू बोल," अक्का म्हणाली. "पहिल्या रांगेत ऐकू जाईल."